लांडगा नावाची आगबोट

१९१७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. महायुद्धाचे ते तिसरे वर्ष. मार्चमध्ये बगदाद ब्रिटिशांच्या हाती आले होते आणि मेसापोटेमियाकडे जाणाऱ्या पलटणी, घोडे, दाणागोटा व दारूगोळा यांनी मुंबईच्या गोद्या गजबजून गेल्या होत्या. लढाई दूर होती. समुद्र तर आपलाच आहे, असे सरकारला वाटत होते, आणि तसे वाटण्यास कारणही होते. मद्रासवर तोफा डागणारी 'एम्डेन' १९१४ च्या नोव्हेंबरात कोकोस बेटांपाशी निकालात निघाली होती. 'कोनिग्सबर्ग' १९१५ च्या जुलैत आफ्रिकेच्या रुफिजी नदीत आपल्याच खलाशांनी बुडविली होती. हिंदी महासागरात शत्रूची युद्धनौका म्हणून उरली नव्हती.

अशा वेळी ११ जून रोजी 'सिटी ऑफ एक्झेटर' ही उतारूंची मोठी आगबोट मुंबईच्या वाटेवर असता तिच्या तळाशी प्रचंड स्फोट झाला. बोट कशीबशी बंदराला लागली. पुढच्या आठवडाभरातच 'उंकाई मारू' ही जपानी व 'क्रॉक्स्टेथ हॉल' ही ब्रिटिश अशा दोन मालवाहू बोटी मुंबईबाहेर बुडाल्या. २३ जूनला पाळी आली ती 'मंगोलिया'ची. पी. अँड ओ. कंपनीची ही साडेनऊ हजार टनांची टपालबोट विलायतेहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियास निघाली होती. मुंबई सुमारे पन्नास मैलांवर राहिली असता ती फुटली आणि थोड्याच वेळात उतारूंचे सामान व टपालाच्या थैल्या यांसह तळाला गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. जुलैच्या अखेरीस 'ओखला' गेली. ना कोणी तोफेचा आवाज ऐकला होता, ना कोणाला क्षितिजावर जहाज दिसले होते.

श्रोतेहो, ज्याने हे केले तो त्या दिवशी मुंबईपासून हजारो मैलांवर, न्यूझीलंडच्या समुद्रात होता. मुंबईच्या पाण्यात येऊन आपले काम उरकून तो चार महिन्यांपूर्वीच निघून गेला होता. तो आला होता एका साध्या, काळ्या रंगाच्या, तासाला दहा-अकरा सागरी मैल चालणाऱ्या मालवाहू आगबोटीतून. त्या आगबोटीचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

जर्मनीच्या ब्रेमेन शहरात 'हान्सा' नावाची एक जहाज कंपनी १८८१ साली निघाली. तिचा मुख्य व्यापार हिंदुस्थानाशी. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता या बंदरांत तिच्या बोटी इतक्या नियमाने येत की गोदीतल्या माणसांना त्या नावावरूनच ओळखता येत. कारण या कंपनीच्या बोटींच्या नावांच्या अखेरीस 'फेल्स' हा शब्द असे. फेल्स म्हणजे खडक. गूटेनफेल्स, रोटेनफेल्स, वाख्टफेल्स अशी ती नावे. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा यांपैकी कितीतरी बोटी इंग्रजांच्या बंदरांत अडकून पडल्या व जप्त झाल्या. 'गूटेनफेल्स' इजिप्तमध्ये सापडली. 'वाख्टफेल्स' मात्र सुदैवाने मायदेशी होती. फ्लेन्सबुर्गच्या कारखान्यात १९१३ साली बांधलेली, अठ्ठावन्नशे टनांची, १३५ मीटर लांबीची ही बोट. तिच्यात पाहण्यासारखे काही नव्हते, आणि पुढे जर्मन नौदलाच्या नजरेत ती भरली ती याच एका गुणामुळे.

व्यापारी बोटीवर तोफा चढवून तिला लढाईस धाडण्याची कल्पना जुनीच होती. १९०७ साली हेग येथे झालेल्या परिषदेत त्याबद्दल राष्ट्रांनी करारही केला होता. अशी बोट सरकारच्या थेट ताब्यात असली पाहिजे, तिच्यावर लष्करी निशाण पाहिजे, कप्तान रीतसर नेमलेला नौदल अधिकारी पाहिजे, खलाशांना लष्करी शिस्त पाहिजे, अशी कलमे त्यात होती. त्यामुळे कागदोपत्री चाचा आणि योद्धा यांतली रेषा स्पष्ट झाली. शत्रूला फसविण्यासाठी परक्या देशाचे निशाण लावण्यास रूढीची मुभा होती; मात्र तोफ डागण्यापूर्वी ते उतरवून आपले खरे निशाण चढविलेच पाहिजे, असा दंडक होता.

युद्धाच्या आरंभी जर्मनीने यासाठी निवडल्या त्या अटलांटिक ओलांडणाऱ्या, चार-चार धुराड्यांच्या, राजवाड्यासारख्या उतारू बोटी. वेग मोठा, म्हणून उपयोगी पडतील, असा हिशेब. तो पहिल्या दोन महिन्यांतच चुकला. 'कैझर विल्हेल्म डेर ग्रोस' ऑगस्ट १९१४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोळसा घेत असताना गाठली गेली. 'काप ट्राफल्गार' सप्टेंबरात दक्षिण अटलांटिकमध्ये 'कार्मानिया' या तसल्याच सशस्त्र केलेल्या ब्रिटिश उतारू बोटीशी लढून बुडाली. अशा बोटीला कोळसा बकासुरासारखा लागतो, आणि ती दहा मैलांवरून ओळखू येते. हत्तीला चोरी करावयास पाठविण्यासारखेच ते. मग केळी वाहून आणण्यासाठी बांधलेल्या एका लहान बोटीला 'म्योवे' हे नवे नाव देऊन १९१५ च्या अखेरीस बाहेर काढण्यात आले, आणि तिने जे साधले ते पाहून नौदलाची खात्री पटली की या धंद्यात वेगापेक्षा सामान्यपणा मोलाचा आहे.

'वाख्टफेल्स'चे रूपांतर याच विचाराने झाले. तिचे नाव 'वोल्फ', म्हणजे लांडगा. दीडशे मिलिमीटर तोंडाच्या तोफा डेकवर बसविण्यात आल्या, पण त्यांच्यापुढचे कठडे बिजागऱ्यांवर ठेवले. खटका ओढला की कठडा खाली पडावा आणि तोफेचे तोंड मोकळे व्हावे. पाणतीर सोडण्याच्या चार नळ्या तशाच पडद्याआड. डोलकाठ्या उंच-ठेंगण्या करता येत. एक खोटे धुराडेही होते. रंगाचे डबे तर भरपूर. आमच्याकडे बहुरूपी एका गल्लीत वैद्य होऊन येतो आणि दुसऱ्या गल्लीत फौजदार, त्यातला प्रकार. डेकवर सुटे भाग जोडून उभे करता येईल असे एक लहान सागरी विमान ठेवले होते. त्याचे नाव 'व्योल्फशेन', म्हणजे लांडग्याचे पिल्लू. कोठारांत हजारो टन कोळसा. माणसे सुमारे साडेतीनशे. कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर, वय एकेचाळीस, अबोल, आपले बेत दुय्यम अधिकाऱ्यांनाही न सांगणारा.

या बोटीचे खरे शस्त्र तोफा नव्हत्या. मागच्या कोठारात रुळांवर ओळीने उभे केलेले साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग हे तिचे शस्त्र. हा पाणसुरुंग म्हणजे काय ते जरा नीट पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून मुंबईबाहेर काय घडले ते उमगणार नाही.

सुरुंग म्हणजे पोलादाची एक पोकळ, पाण्यावर तरंगणारी घागर. तिच्या पोटात शेकडो रत्तल स्फोटक द्रव्य. तिला तरंगत सोडली तर लाटा तिला कोठेही नेतील, म्हणून ती एका जड लोखंडी बैठकीला पोलादी दोराने बांधलेली असते. बोटीच्या मागच्या दारातून हे सगळे एकत्र पाण्यात ढकलतात. बैठक तळाशी जाऊन बसते. दोर हवा तेवढाच सुटतो आणि घागर पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हातांवर, डोळ्यांना दिसणार नाही पण बोटीच्या तळाला लागेल अशा बेताने, अडकून राहते. घागरीच्या माथ्यावर शिशाची शिंगे असतात. प्रत्येक शिंगात काचेची एक नळी आणि नळीत आम्लयुक्त द्रव. बोटीचा तळ शिंगाला लागला की मऊ शिसे वाकते, आतली काच फुटते, द्रव खालच्या जस्त व कोळशाच्या पट्ट्यांवर ओतला जातो, आणि शाळेतल्या प्रयोगात असतो तसा विजेचा घट क्षणार्धात तयार होतो. त्या विजेने स्फोट होतो. द्रव नळीत बंद राहिलेला असतो तोवर घटाची वीज खर्च होत नाही. त्यामुळे सुरुंग महिना थांबेल, वर्षही थांबेल.

बैठक तळाला टेकली पाहिजे, म्हणून खोल समुद्रात सुरुंग पेरता येत नाहीत. आणि येथेच मुंबईचा भूगोल शत्रूच्या उपयोगी पडला. कोकण किनाऱ्यापासून पश्चिमेस समुद्राचा तळ एकदम खाली जात नाही. दीडशे मैलांपर्यंत तो उथळच उतरत जातो. मासेमारीला हा उथळ समुद्र वरदान आहे. पण याच कारणाने किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांच्या नजरेपलीकडे, पन्नास-पन्नास मैल दूर राहूनही सुरुंग पेरता येतात. ज्या वाटेने सारी जहाजे मुंबईकडे वळतात ती वाट तर नकाशावर छापलेलीच होती. शिवाय 'हान्सा'च्या बोटी वर्षानुवर्षे याच पाण्यातून ये-जा करीत आल्या होत्या. हा मार्ग त्यांना परका नव्हता.

३० नोव्हेंबर १९१६ रोजी 'वोल्फ'ने कील बंदर सोडले. नॉर्वेच्या बाजूने वर चढून, आइसलंडच्या उत्तरेकडून हिमवादळात वळसा घालून, ब्रिटिश गस्तीला चुकवून ती अटलांटिकमध्ये उतरली. वाटेत जहाजे दिसली तरी नेर्गरने त्यांना हात लावला नाही. आधी सुरुंग, मग शिकार, असा त्याला हुकूम होता. जानेवारीच्या मध्यास ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पोचली आणि केपटाउन व केप अगुल्हास यांच्या बाहेर तिने पहिले सुरुंग पेरले.

त्यांना पहिला बळी पडली ती ब्रॉकलबँक कंपनीची एक मालवाहू बोट. तिचे नाव 'माथेरान'. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या त्या लाल मातीच्या डोंगराचे नाव घेऊन हिंडणारी ही बोट २६ जानेवारी १९१७ रोजी डासेन बेटाजवळ बुडाली. पुढे ६ फेब्रुवारीला 'टिंडारियस' या फौजेच्या बोटीखाली सुरुंग फुटला. डेकवर रांगा धरून उभी राहिलेली सारी पलटण सुखरूप उतरविली गेली आणि बोटही वाचली. प्रत्येकाच्या नशिबी तसे नव्हते. २६ मे रोजी स्पेनची टपालबोट केपटाउनबाहेर बुडाली आणि तिच्यावरची शंभराहून अधिक माणसे गेली. स्पेन या युद्धात नव्हता. तोफेमागे माणूस असतो, त्याला निशाण दिसते. सुरुंगाला ते दिसत नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात 'वोल्फ' प्रथम कोलंबोपुढे आली. बंदराचे शोधदीप समुद्रावर फिरत असताना, एखाद्या नेहमीच्या मालबोटीसारखी शांतपणे चालत तिने आपले काम केले. तेथे लगेच, १७ फेब्रुवारीला 'वूस्टरशर' आणि चार दिवसांनी 'पर्सियस' अशा दोन बोटी गेल्या. तोवर 'वोल्फ' मलबार डावलून वर सरकली होती व मुंबईच्या वाटेवर सुरुंगांच्या ओळी सोडून पुन्हा दक्षिणेस निघाली होती. हिवाळ्याच्या अखेरचा समुद्र येथे तळ्यासारखा असतो. कोळ्यांची गलबते असतील, मक्केला जाणारी पडावे असतील, आणि त्यांत ही एक आगबोट. कोणाला संशय यावा असे काही तिने केले नाही.

मुंबईचे सुरुंग चार महिने गप्प राहिले. या चार महिन्यांत त्या वाटेने किती बोटी वरून गेल्या असतील याची कल्पनाच करावी. मग जूनमध्ये एकामागून एक स्फोट झाले, ते आरंभी सांगितलेच. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे, भट्टीपुढचे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे आणि स्वयंपाकी-बटलर गोव्याचे असत. डोंगरीच्या व धोबीतलावाच्या बाजूला त्यांच्या वस्त्या व गावाच्या नावाच्या खोल्या होत्या. 'मंगोलिया'सारख्या बोटीचा घात म्हणजे रत्नागिरी, बार्देश, साष्टी असल्या एखाद्या ठिकाणी मनिऑर्डर यावयाची थांबणे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि थडगे म्हणून ज्यांना समुद्रच मिळाला अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी गृहात आहे.

मुंबईहून निघाल्यावर 'वोल्फ'ने शिकारीस आरंभ केला. २७ फेब्रुवारीला अरबी समुद्रात तिला 'टुरिटेला' नावाची ब्रिटिश बोट भेटली. जवळ जाताच जर्मन खलाशी चकित झाले. ही तर त्यांच्याच कंपनीची, इजिप्तमध्ये जप्त झालेली 'गूटेनफेल्स'! नाव बदलून इंग्रज तिला वापरीत होते. एकाच घरच्या दोन बहिणी, दोघींची नावे बदललेली, भर समुद्रात समोरासमोर. नेर्गरने तिच्यावर आपली माणसे आणि पंचवीस सुरुंग चढवून तिला एडनकडे धाडले. ५ मार्चला तेथे 'ओडिन' या ब्रिटिश गस्तीच्या नौकेने तिला हटकले तेव्हा जर्मनांनी ती स्वतःच बुडविली. तिच्यावरची माणसे मात्र इंग्रजांच्या हाती पडली, आणि सुरुंग पेरीत फिरणारे एक जहाज या समुद्रात आहे, ही वार्ता मार्च १९१७ मध्येच ब्रिटिश आरमाराला लागली.

ही तारीख ध्यानात ठेवावी. 'मंगोलिया' जूनमध्ये बुडाली आहे.

वार्ता लागली तरी आरमाराजवळ मोकळ्या युद्धनौका थोड्या होत्या आणि महासागर मोठा होता. चोराला धरता येत नसेल तर निदान गावाला सांगावे, की सांगून घबराट माजवू नये? युद्धकाळातल्या सरकारांनी दुसरी वाट धरली. ऑस्ट्रेलियात तर याचा कहर झाला. ६ जुलै १९१७ रोजी गॅबो बेटाजवळ 'कंबरलँड' बोटीखाली स्फोट झाला. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की स्फोट बोटीच्या आत झाला, म्हणजे कोणा घरभेद्याने मालात बाँब ठेवला. संशयाची सुई गोदीतल्या चळवळ्या कामगारांकडे व जर्मन वंशाच्या रहिवाशांकडे वळली. पुढे ऑक्टोबरात त्याच पाण्यात सुरुंग सापडले, आणि खुलासा आपोआप झाला. पण संशयाने जी घरे पोळली ती पोळलीच. सरकारने भीतीपोटी बातमी दाबली असे मी म्हणत नाही. दाबण्यामागे हिशेब होता, शत्रूला आपल्या यशाची खबर लागू नये हा. तो हिशेब लेखी बरोबर असेल. त्याची किंमत मात्र ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते.

गुप्ततेचे ओझे 'वोल्फ'लाही चुकले नाही. किंबहुना तिची सारी सफर या एका गोष्टीने बांधून टाकली होती. पकडलेल्या बोटीवरचा एकही माणूस किनाऱ्यावर पोचला तर सर्व उघडे पडणार. म्हणून प्रत्येक बोटीतली माणसे आपल्या जहाजावर घ्यावयाची, कामाचा माल व कोळसा काढून घ्यावयाचा आणि बोट मागमूस न ठेवता बुडवावयाची. माणसांना मारावयाचे नाही, हा नेर्गरचा कटाक्ष होता आणि तो त्याने बहुतेक पाळला. त्यामुळे कैदी वाढत गेले. सुरुंग जसजसे संपत तसतशी मागच्या कोठारात जागा होई, आणि त्या जागेत कैदी. रात्री डोक्यामागच्या रुळांवरून सुरुंग सरकल्याचे आवाज ऐकून ते मोजदाद करीत, आणि आपल्याच देशाच्या वाटेवर काय पेरले जात आहे हे समजून मुकाट बसत.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडून ती पॅसिफिकमध्ये गेली. केर्माडेक बेटांपाशी, निर्मनुष्य किनाऱ्याच्या आडोशाला, यंत्रे उघडून दुरुस्ती चालू असतानाच २ जूनला 'वायरूना' ही न्यूझीलंडची बोट दृष्टीस पडली. पाठलाग करण्याची सोय नव्हती. तेव्हा ते लांडग्याचे पिल्लू उडाले, बोटीवर घिरट्या घालून त्याने चिठ्ठीची पिशवी टाकली, आणि पाठोपाठ नाकासमोर एक बाँब. बोट मुकाट्याने 'वोल्फ'कडे वळली. ऑगस्टमध्ये रबौलकडे जाणारी 'माटुंगा' पकडली, ती तर तिच्या स्वतःच्या बोलण्याने. आपण केव्हा पोचणार, बरोबर काय माल व किती कोळसा आहे, हे तिने बिनतारी यंत्रावरून आगाऊ कळविले होते, आणि 'वोल्फ' स्वतः एक अक्षरही न बोलता सारे ऐकत होती. आमच्या मुंबईकर श्रोत्यांनी नावावरून घोटाळा करू नये. ही बोट ऑस्ट्रेलियाची, आपल्या माटुंग्याशी तिचा संबंध नाही.

'माटुंगा' नाहीशी झाली तेव्हा ऑस्ट्रेलियात तिच्या माणसांच्या घरी कित्येक महिने काहीच कळले नाही. ती वादळात गेली की ज्वालामुखीत, असले तर्क चालले होते. कैद्यांनी बाटल्यांत चिठ्ठ्या घालून समुद्रात टाकल्या होत्या. त्यांतली एक डच ईस्ट इंडीजच्या किनाऱ्याला लागली.

शेवटचे सुरुंग सिंगापूरच्या पलीकडे पेरून 'वोल्फ' पुन्हा हिंदी महासागरात आली. सप्टेंबरच्या अखेरीस मालदीव बेटांजवळ 'हिताची मारू' ही जपानी टपालबोट तिने पकडली. या वेळी मात्र जपान्यांनी तोफेकडे धाव घेतल्याने गोळीबार झाला व माणसे मेली. मग नोव्हेंबरात सापडली 'इगोट्झ मेंडी', हजारो टन कोळसा घेऊन कोलंबोस निघालेली स्पॅनिश बोट. तिच्यावाचून परतीचा प्रवास झालाच नसता. स्त्रिया, मुले व आजारी माणसे तिच्यावर हलविण्यात आली. त्यांत एका अमेरिकन गलबताच्या कप्तानाची सहा वर्षांची मुलगीही होती. आईबापांसह ती जुलैपासून या जहाजावर राहत होती, आणि जर्मन खलाशांनी तिचे लाड केल्याचे कैद्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

परतीची वाट ही सर्वांत वाईट. भर अटलांटिकमध्ये दोन्ही बोटी शेजारी बांधून कोळसा भरताना लाटांनी त्या एकमेकींवर अशा आपटल्या की 'वोल्फ'चे पत्रे सैल होऊन पाणी आत येऊ लागले. पंप रात्रंदिवस चालू. ताजी भाजी, फळे महिनोन्‌महिने कोणी पाहिली नव्हती. हिरड्या सुजणे, दात हलणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, ही रक्तपितीची लक्षणे कैद्यांत व खलाशांतही दिसू लागली. उष्ण कटिबंधात वर्ष काढलेली ही माणसे पातळ कपड्यांनिशी आइसलंडच्या थंडीत शिरली.

फेब्रुवारी १९१८ मध्ये ती कीलला पोचली. ४५१ दिवस, चौसष्ट हजार मैल, आणि एवढ्या काळात एकाही बंदरात पाऊल नाही. बरोबर ४६७ कैदी. चौदा जहाजे तिने स्वतः पकडली होती, आणि तिच्या सुरुंगांनी तोवर आणखी बारा-तेरा घेतली होती. जर्मनीत ती बुडाली असेच धरून चालले होते. नेर्गरला देशातले सर्वोच्च लष्करी पदक मिळाले, खलाशांची बर्लिनमध्ये मिरवणूक निघाली. 'इगोट्झ मेंडी' मात्र २४ फेब्रुवारीला घरापासून हाकेच्या अंतरावर, डेन्मार्कच्या स्कागेन टोकाशी धुक्यात वाळूवर चढली. डेन्मार्क तटस्थ होता. कैदी सुटले, आणि त्यांच्या तोंडून जगाला प्रथमच कळले की वर्षभर हे कोण करीत होते. मुंबई, कोलंबो, केपटाउन, सिडनी, सगळ्या ठिकाणच्या न उलगडलेल्या स्फोटांचा उलगडा असा एका किनाऱ्यावर झाला.

नेर्गर दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत फौजांच्या हाती सापडला व १९४७ च्या जानेवारीत साक्सेनहाउसेनच्या छावणीत मेला. बोट युद्धानंतर फ्रान्सला देण्यात आली. तोफा, खोटे धुराडे, सुरुंगांचे रूळ काढून टाकल्यावर ती पुन्हा होती तशी मालबोट झाली. 'आंतिनू' या नावाने तिने आणखी दहाएक वर्षे माल वाहिला आणि १९३१ साली ती मोडीत निघाली.

तिने पेरलेले मात्र तिच्या मागे राहिले होते. २६ जून १९१८ रोजी पहाटे न्यूझीलंडच्या उत्तर टोकाबाहेर 'विमेरा' नावाची उतारू बोट सिडनीकडे निघाली असता तिच्या मागच्या अंगाखाली स्फोट झाला. 'वोल्फ'ला घरी पोचून तेव्हा चार महिने झाले होते आणि तो सुरुंग पाण्यात सोडल्याला वर्ष. कप्तानासह सव्वीस माणसे त्या बोटीबरोबर गेली.